विश्वासाचे गणित

औषध मागवणाऱ्या सॉफ्टवेअरने कोणत्या विक्रेत्यावर भरवसा ठेवावा? विश्वास आकड्यांत मांडण्याचा प्रयत्न स्टीफन मार्श यांनी १९९४ मध्ये स्कॉटलंडच्या स्टर्लिंग विद्यापीठातील प्रबंधात केला. २००२ मध्ये योसांग व इस्माईल यांनी सोपे सूत्र दिले: चांगल्या अनुभवांत एक मिळवा, एकूण अनुभवांत दोन मिळवा आणि पहिल्याला दुसऱ्याने भागा. नवख्याला ०.५ मिळतात. एकापैकी एक अनुभव चांगला असेल, तर ०.६७, शंभरपैकी ९८ चांगले असतील, तर ०.९७. जुन्या अनुभवांचे वजन हळूहळू घटवताही येते. मात्र खोट्या खात्यांपुढे हे सूत्रही फसते. म्हणून केवळ पाच तारे पाहून भुलू नये. ते किती जणांनी दिले ते पाहावे. आणि गोळी घेण्याआधी पाकिटावरचे नाव, मात्रा व मुदत स्वतः तपासावी.