बिलगावचे वीजकेंद्र आणि मुलांचा ऊर्जापाठ

दिवा विझवा, नळ बंद करा, एवढा उपदेश मुलांकडून घोकून घेतला म्हणजे ऊर्जेचे शिक्षण झाले, ही आपल्या शाळांत रूढ झालेली समजूत नंदुरबार जिल्ह्याच्या अक्राणी तालुक्यातील बिलगावची हकीगत ज्यांस ठाऊक आहे त्यांना तरी पटण्याजोगी नाही. सातपुड्याच्या कुशीतील या आदिवासी गावात सरकारी विजेची तार पोहोचली नव्हती. तेव्हा केरळातील ‘पीपल्स स्कूल ऑफ एनर्जी’चे अभियंते, नर्मदा बचाव आंदोलनाचे कार्यकर्ते आणि श्रमदानास उतरलेले ग्रामस्थ यांनी मिळून ओढ्याच्या पाण्यावर १५ किलोवॅटचे वीजकेंद्र उभारले आणि २००३ च्या जानेवारीत तेथील पाड्यांवर दिवे लागले. पाणी बांधाने अडवावे, पाटाने त्याची उंची राखून पुढे न्यावे, नळातून वेगाने खाली सोडून चाक फिरवावे आणि त्या चाकाला जनित्र जोडावे, ही सारी क्रिया ज्याने डोळ्यांनी पाहिली, त्याला ‘ऊर्जेचे रूपांतर’ ही संज्ञा निराळी समजावून सांगावी लागत नाही. ते केंद्र २००६ च्या पुरात उद्ध्वस्त झाले. त्याने दिलेला धडा मात्र आजही शिकवण्याजोगा आहे.

सुदैवाने हा धडा पुढे नेणारी साधने आज इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध आहेत. अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर टाकाऊ वस्तूंपासून करावयाच्या वैज्ञानिक खेळण्यांच्या चित्रफिती व पुस्तके मराठीतही आहेत. बालभारतीची पाठ्यपुस्तके घरबसल्या उतरवून घेता येतात. आणि केंद्र सरकारच्या ‘दीक्षा’ मंचावर, पुस्तकातील क्यूआर कोड टिपताच, त्या त्या पाठाचे साहित्य उघडते. दुर्गम पाड्यांवर रेंजचा भरवसा नसतो. म्हणून तालुक्याच्या ठिकाणी गेले असता हे साहित्य मोबाइलमध्ये साठवून आणण्याची तजवीज शिक्षकांनी करावी, आणि ज्या मुलांच्या घरी पावरी, भिलोरी वा मावची बोलली जाते, त्यांना ते त्यांच्याच बोलीत उलगडून सांगावे.

पडद्यावरील पाठ प्रत्यक्ष व्यवहाराशी जोडला गेला, तरच तो टिकतो. मीटरवरील एक युनिट म्हणजे हजार वॅटचे उपकरण एक तास चालवण्याइतकी वीज. त्या एका युनिटात ६० वॅटचा जुना बल्ब जेमतेम १७ तास जळतो, तर जवळपास तितकाच उजेड देणारा ९ वॅटचा एलईडी दिवा १११ तास चालतो. हा हिशेब मुलाने स्वतः वहीत मांडला, आईवडिलांसमवेत घरचे वीजबिल वाचले आणि पुढल्या महिन्याच्या आकड्याशी ताडून पाहिले, म्हणजे काटकसर ही त्याच्या बुद्धीला पटलेली गोष्ट होते. आज्ञा म्हणून ती पाळावी लागत नाही.

दरवर्षी १४ डिसेंबर हा राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी केवळ घोषणांची प्रभातफेरी काढून न थांबता, प्रत्येक शाळेने मुलांकडून एक पाणचक्की करून घ्यावी आणि एका वीजबिलाचे वाचन करवावे, अशी शिक्षकांस व पालकांस कळकळीची विनंती आहे.