बांधाखालचे शेजारी

परतूर तालुक्यात दुधना नदीपासून थोड्या अंतरावर आमचे शेत आहे. सातबाऱ्यावर नाव वडिलांचे. पण जमिनीखाली कोणाकोणाचा ताबा आहे, हे तलाठ्यालाही सांगता येणार नाही. साळिंदर, मुंगूस, घोरपड अधूनमधून दिसतात. खरी वहिवाट मात्र घुशीची.

घूस बिळाच्या तोंडाशी ताज्या मातीचा ढीग करते आणि दार मातीने बुजवून आत राहते. ज्वारीची कणसे तोडून ती आत साठवते. आजी सांगते, पूर्वी सुगी सरल्यावर गरीब माणसे बिळे उकरून ही कणसे घरी नेत. शिवाय बांध पोखरला की पावसाचे पाणी त्यातून शिरते आणि बांध फुटतो.

धामण ही उंदीर-घुशींची मोठी वैरीण. तिला विष नसते. ती म्हशीच्या पायाला विळखा घालून दूध पिते, ही आमच्याकडची समजूत निव्वळ खोटी आहे. मी अकरावीत असताना बिळातून एक धामण निघाली. मीच "साप!" म्हणून ओरडलो. काकांनी काठीने तिला ठेचले. त्या रब्बीत कणसे फार गेली. एका धामणीमुळे गेली असे म्हणणार नाही, पण मला ते लागले.

काकांना अडाणी म्हणणे सोपे आहे. त्याआधी दोन वर्षे त्याच बांधावर गवत कापताना काकूला नाग चावला होता. मांत्रिकाकडे वेळ गेला. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारही सापांवर एकच प्रतिविष चालते, हे तेव्हा घरात कोणालाच माहीत नव्हते. काकू वाचली नाही.

म्हणून कोणते बीळ कोणाचे, हे आधी ओळखावे. संध्याकाळी सगळी बिळे मातीने बुजवावीत. सापाला बीळ उकरता येत नाही. तो आयत्या बिळात राहतो. सकाळी जी उकरलेली दिसतील ती बहुधा उंदीर-घुशींची. तेथे दोन-तीन दिवस साधा भरडा ठेवून मगच झिंक फॉस्फाईडचे आमिष ठेवावे. नवे खाणे घूस आधी चाखून पाहते. विषाने मळमळले तर पुन्हा शिवत नाही. बिळात हात मात्र कधीच घालू नये.

गेल्या दिवाळीत मी ४० बिळे बुजवली, सकाळी ११ उघडी होती. काका काठी घेऊन बरोबर आले होते. त्यांनीच ती मोजली.