पिल्लू मोठेपणी केवढं होणार? पंजे नाही, चौथ्या महिन्याचं वजन बघा!

मंडळी, कापसाच्या गोळ्यासारखं पांढरंशुभ्र पिल्लू हातात देऊन विकणारा म्हणतो, "पामेरियन आहे, एवढंच राहतं." आठ-दहा महिन्यांत तेच कुत्रं गुडघ्याच्या जवळ पोचतं. मग दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात कुरबुर सुरू होते आणि शेवटी कित्येकदा ते मुकं जनावर रस्त्यावर सोडलं जातं. म्हणून पिल्लू घरी आणण्याआधीच त्याच्या आकाराचा अंदाज घेतलेला बरा. तो घ्यायचा कसा, ते पाहूया.

हा पामेरियन, की स्पिट्झ?

आपल्याकडे ज्याला सर्रास 'पामेरियन' म्हणतात, तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो. 'हम आपके हैं कौन' मधला टफी आठवतो ना? तो इंडियन स्पिट्झच! ब्रिटिश काळात आलेल्या जर्मन स्पिट्झ कुत्र्यांपासून ही जात इथे तयार झाली आणि इथल्या उकाड्यात चांगली रुळली.

फरक वजनात आहे. खरा पामेरियन मोठा झाल्यावर साधारण दीड ते साडेतीन किलोचा असतो. लहान चणीचा इंडियन स्पिट्झ पाच ते सात किलोचा, तर मोठ्या चणीचा बारा ते वीस किलोपर्यंत जातो. दीड महिन्याची असताना तिन्ही पिल्लं पांढरे गोळेच दिसतात. फसगत होते ती इथेच.

साधा हिशेब

लहान जातीचं पिल्लू सुरुवातीला भराभर वाढतं आणि लवकर थांबतं. साधारण चार महिन्यांचं होईपर्यंत त्याचं निम्मं वजन भरलेलं असतं. म्हणून हिशेब सोपा आहे: चार महिन्यांचं वजन गुणिले दोन.

पिल्लू सव्वा किलोचं असेल तर ते अडीच किलोच्या आसपास थांबेल. तीन किलोचं असेल तर सहा किलोच्या आसपास. पाच-साडेपाच किलो भरलं, तर ते दहा-अकरा किलोच्या पुढेही जाऊ शकतं, कारण मोठ्या चणीची कुत्री जास्त दिवस वाढतात. ते 'टॉय' काही केल्या नाही! हा अंदाज आहे, थोडाफार फरक पडणारच.

सोशल मीडियावर दुसरं एक सूत्र फिरतं: वजनाला वयाच्या आठवड्यांनी भागा आणि 52 ने गुणा. या सूत्रात पिल्लू वर्षभर एकाच वेगाने वाढतं असं गृहीत धरलंय. सोळा आठवड्यांच्या तीन किलोच्या पिल्लाचं वजन ते पावणेदहा किलो दाखवतं. लहान जातीची वाढ आठ-दहा महिन्यांत जवळपास पूर्ण होते, त्यामुळे इथे हे सूत्र चुकतं.

वजन घरीच करता येतं. पिल्लाला उचलून वजनकाट्यावर उभे राहा, मग एकट्याचं वजन वजा करा. काटा बारीक फरक दाखवत नसेल, तर ओळखीच्या दुकानदाराचा डिजिटल काटा आहेच. दर आठवड्याला आकडा लिहून ठेवा.

सांगितलेलं वय खरं आहे का?

वय चुकलं की हिशेबही चुकला. त्यासाठी दात बघा. दोन महिन्यांच्या सुमारास सुईसारखे टोकदार दुधाचे दात आलेले असतात. साधारण चौथ्या महिन्याच्या आसपास पुढचे दात पडून पक्के येऊ लागतात. शंका असेल तर पशुवैद्यकीय डॉक्टरांना दाखवा. आणि 2017 च्या केंद्र सरकारच्या नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही, हेही लक्षात असू द्या.

पंजे, पोट आणि आई

"पंजे मोठे म्हणजे कुत्रं मोठं" हा ठोकताळा लहान जातींत फारसा उपयोगाचा नाही. फुगलेलं पोटही फसवतं, ते अनेकदा जंतांमुळे असतं. त्यापेक्षा पिल्लाची आई बघा, जमल्यास बापही. लहान आकार रक्तातूनच येतो. कुत्र्यांच्या लहान चणीशी आयजीएफ-1 नावाच्या जनुकाचा मोठा संबंध असल्याचं 2007 मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. विकणारा आई दाखवायला टाळाटाळ करत असेल, तर तिथूनच परत फिरा.

कमी खाऊ घालून लहान राहतं का?

अजिबात नाही! उपासमारीने हाडं कमजोर होतात, रोगाशी लढायची ताकद जाते. फार लहान पिल्लांची तर रक्तातली साखर एकदम उतरून जीवावर बेततं. उलट जास्त खाऊ घातलं तर वाढते ती चरबी. हात फिरवल्यावर फासळ्या सहज लागल्या पाहिजेत, पण लांबून उठून दिसता कामा नयेत.

वडगाव रासाईत हा प्रश्न वेगळा का?

शिरूर तालुक्यातलं वडगाव रासाई भीमेच्या काठी आहे, पलीकडे दौंड तालुका. हा सगळा उसाचा पट्टा, आणि शिरूरच्या उसात बिबट्याचा वावर आहे. कुत्रं हे त्याचं सोपं भक्ष्य. तीन किलोचं असो की पंधरा, मळ्यातल्या वस्तीवर रात्री बाहेर बांधलेलं कुत्रं धोक्यातच असतं. म्हणून पिल्लू घेताना विचारायचा प्रश्न असा: ते पूर्ण वाढल्यावर रात्री आत घेण्याइतकी जागा घरात आहे का?

लहान कुत्रं राखण करणार नाही, भुंकून जागं मात्र करेल. मोठं होणारं असेल, तर त्याच्या निवाऱ्याची, खाण्याची आणि लसीची सोय आधी बघा. कुत्रं बारा-पंधरा वर्षं सोबत राहतं, गोंडस पिल्लूपण मात्र चार महिन्यांत संपतं.

तुमच्या ओळखीत कुणी पिल्लू आणायच्या विचारात असेल, तर हा लेख त्यांना नक्की पाठवा!