थेंबाचा मुकुट

बशीतल्या दुधात थेंब पडला की क्षणभर एक मुकुट उभा राहतो. सातारा माझे आजोळ, सांगली राहते गाव. तेव्हा या मुकुटासाठी दूध साताऱ्याकडचे आणि थेंब सांगलीच्या हळदीच्या पाण्याचा, हे ओघानेच आले!

दीड फुटावरून सुटलेला थेंब बशीपाशी सेकंदाला सुमारे ३ मीटर वेगाने येतो. शटर १/१००० सेकंदच उघडले तरी तेवढ्यात तो ३ मिलिमीटर सरकतो आणि चित्र फरफटते. म्हणून हे काम शटरवर न सोपवता फ्लॅशवर सोपवावे. खोली अंधारी करावी, शटर सेकंदभर उघडे ठेवावे आणि थेंब टेकताच फ्लॅश उडवावा. शक्ती सर्वांत कमी ठेवली, की पुष्कळ फ्लॅशांचा लखलखाट १/२०००० सेकंदाच्या आसपास विझतो. थेंब पडतो तिथे आधी पेन्सिल धरून फोकस पक्का करावा. दुधाचा थर पातळ हवा; खोल भांड्यात मुकुट खचतो आणि मागाहून खांब उभा राहतो.

आर्थर वर्दिंग्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने ठिणगीच्या उजेडात दिसलेले असे मुकुट वर्षानुवर्षे हाताने रेखाटले. सारे कसे प्रमाणबद्ध! १८९४ साली छायाचित्रे हाती आली, तेव्हा मुकुट वाकडेतिकडे निघाले. डोळ्यांनी पाहिलेले मनाने परस्पर दुरुस्त केले होते!

आमच्या दिवाणखान्यातल्या मुकुटाचेही एक टोक लवलेले आहे. ‘संगणकावर सरळ करून घ्या की,’ असे पाहुणे सुचवतात. मी फराळाची बशी पुढे करतो आणि चित्र तसेच राहू देतो.