थंडीचे सरपण

स्वयंपाकासाठी, पाणी तापवण्यासाठी अथवा शेकण्यासाठी जाळावयाच्या लाकडास सरपण किंवा जळण असे म्हणतात. महाराष्ट्राच्या पठारी भागात, विशेषतः निफाड, धुळे, जळगाव या पट्ट्यात, मार्गशीर्ष व पौष महिन्यांतील रात्री कडाक्याच्या असतात. तेथे कोणते लाकूड कधी जाळावे याचे ठरीव संकेत आहेत.

== लाकडाची पारख ==

पूर्ण वाळलेले कोणतेही लाकूड वजनास वजन जवळजवळ सारखीच उष्णता देते. एका किलोग्रॅममागे ती सुमारे ४,५०० किलोकॅलरी भरते. जातीजातींत दिसणारा फरक मुख्यतः घनतेचा होय. धावडा, खैर, बाभूळ, बोर, चिंच ही जड लाकडे सावकाश जळतात आणि त्यांचा निखारा दीर्घकाळ टिकतो. पांगारा, सावर, शेवगा ही हलकी, सच्छिद्र लाकडे भडकन पेटतात व मूठभर राख ठेवून संपतात.

म्हणून हलके जळण कमी प्रतीचे मानणे मात्र योग्य नव्हे. चूल पेटविण्यास तुरीच्या तुराट्या, कपाशीच्या पऱ्हाट्या किंवा एरंडाची वाळकी खोडेच हवीत. बाभळीच्या ओंडक्याला काडी लावून कोणाचीही चूल पेटलेली नाही. पहिला जाळ काडक्यांचा, त्यावर आंबा किंवा कडुलिंबाच्या चिरफाळ्या आणि निजण्यापूर्वी बाभळीचे खोड, हा क्रम सोयीचा. रात्री उरलेले निखारे राखेखाली झाकून ठेवले की पहाटे विस्तव तयार मिळतो.

पठारावर बाभळीची जागा दुसरे झाड घेऊ शकत नाही. तिच्या खोडापासून सुतार औते आणि गाडीची चाके घडवतो, साल कातडी कमावण्यास जाते, पाला व शेंगा शेळ्या खातात, आणि उरलेल्या ढलप्या चुलीत येतात. जाळण्यापूर्वी तिचे सरळ खोड सुताराला दाखविण्याची जुनी पद्धत शहाणपणाची आहे.

कण्हेरीचे लाकूड विषारी असल्याने ते चुलीत अथवा शेकोटीत घालू नये. बिब्ब्याच्या लाकडाच्या धुराने डोळे व त्वचा सुजते. वड, पिंपळ व उंबर ही झाडे अनेक घरांत श्रद्धेने वर्ज्य मानली जातात. त्यांच्या समिधा चालतात, सरपण चालत नाही.

== वाळवण व साठवण ==

ताज्या तोडीच्या लाकडात निम्म्याच्या आसपास वजन पाण्याचे असू शकते. असे एक किलोग्रॅम लाकूड जाळले, तर प्रत्यक्षात अर्धा किलोग्रॅमच लाकूड जळते आणि त्याच्या उष्णतेतील काही भाग पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडतो. ओल्या जळणाचा धूर होतो तो यामुळेच. चांगल्या वाळलेल्या लाकडात पाण्याचे प्रमाण १५ ते २० टक्के राहते.

यासाठी पुढच्या थंडीचे लाकूड चैत्राआधी फोडून ठेवावे. अखंड ओंडका सालीआड ओलावा धरून ठेवतो. पाचर घालून त्याच्या फाका केल्या की वैशाखाचे ऊन आतवर पोहोचते. मृग नक्षत्र लागण्यापूर्वी सरपण छपराखाली न्यावे. वाळवी लागू नये म्हणून ते जमिनीवर न रचता दगडांवर ठेवलेल्या आडव्या खांडांवर, मधून वारा खेळेल असे रचतात. घराच्या भिंतीला चिकटून रास करू नये. विंचू व साप तिच्यात आसरा घेतात, म्हणून काळोखात हात घालून लाकूड ओढणे धोक्याचे असते.

लाकूड वाळले की त्याच्या टोकांना तडे जातात, साल सुटू लागते आणि दोन तुकडे एकमेकांवर आपटल्यास खणखणीत आवाज येतो. ओल्या लाकडाचा आवाज बद्द असतो.

== बंद खोलीतील शेगडी ==

थंडीच्या रात्री दारे-खिडक्या लावून निखाऱ्यांची शेगडी खोलीत ठेवण्याची सवय प्राणघातक ठरते. धुमसत्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा वायू बाहेर पडतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनपेक्षा कितीतरी घट्ट जोडला जातो आणि झोपलेला मनुष्य जागा न होताच बेशुद्ध पडतो. धूर दिसत नाही म्हणून शेगडी निर्धोक समजली जाते, आणि नेमका येथेच घात होतो. झोपण्यापूर्वी शेगडी अंगणात काढावी. ऊब कमी पडल्यास आणखी एक गोधडी घ्यावी.

== कायदा ==

महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ अन्वये खैर, ऐन, मोह, चिंच, आंबा, जांभूळ इत्यादी झाडे स्वतःच्या शेतातील असली तरी तोडण्यापूर्वी परवानगी घ्यावी लागते. बांधावरच्या झाडाच्या वाळक्या फांद्या आणि शेतातील काडीकचरा एवढ्यावर बहुतेक घरांची शेकोटी भागते.