टेंभ्याच्या उजेडातला चेहरा

संपादकांनी जपानच्या 'नो' नाटकावर लेख मागितला, तेव्हा मी म्हटलं, आधी कसाऱ्याच्या पुढे जाऊन येतो. कल्याण-डोंबिवलीकरांना कसारा लोकल रोजच्या पाहण्यातली. शेवटच्या स्टेशनाबाहेर खोडाळा-मोखाड्याकडे जाणाऱ्या गाड्या मिळतात. होळी सरली की पावसाळा तोंडावर येईपर्यंत त्या डोंगरांतल्या गावागावांतून बोहाडा चालतो. रात्रभर चालणारं, मुखवट्यांचं, देवाच्या नावानं नाचायचं नाट्य. आपल्या दारातलं हे नाट्य ठाण्या-डोंबिवलीच्या किती नाट्यवेड्यांनी पाहिलं असेल? थोड्यांनीच, आणि याची मला मनापासून खंत वाटते.

याच डोंगरांतलं जव्हार हे मुकणे घराण्याचं, महादेव कोळ्यांचं संस्थान. १९४८ साली ते विलीन होऊन ठाणे जिल्ह्यात आलं आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाल्यावर जव्हार-मोखाडा तिकडे गेले. जिल्ह्याची हद्द सरकली तरी बोहाडा आपल्या जागीच राहिला. कोकणा, वारली, महादेव कोळी, ठाकूर अशा सगळ्यांचा त्यात वाटा असतो. अनेक गावांत कुठलं सोंग कुठल्या घराण्यानं नाचवायचं हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं.

सुरुवात गणपतीनं होते, मग शारदा येते. त्यामागून मारुती, खंडेराव, भैरोबा, नरसिंह, दहा तोंडांचा रावण. बायकांची सोंगंही पुरुषच घेतात. बोलणं जवळजवळ नसतंच. सांबळ आणि सनई चालू असते, समोर टेंभे धरलेले असतात आणि दुतर्फा बसलेल्या माणसांमधून सोंग दोन पावलं पुढे, एक मागे करत येतं. शेवटच्या रात्री, पहाटेच्या सुमारास देवी आणि महिषासुराची झुंज होते. तोवर आयांच्या मांडीवर झोपलेली पोरं उठवून बसवलेली असतात.

मी मात्र अडकलो ते जव्हारजवळच्या एका पाड्यावर, सोंगं, म्हणजे मुखवटे, करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराच्या अंगणात. सगळे त्यांना बाबा म्हणतात. रद्दी पाण्यात भिजत घालायची, मऊ झाली की कुटायची, खळ मिसळून मळायची आणि मातीच्या साच्यावर बोटांनी थापायची. पूर्वी लाकूड कोरून करायचे. कागदाचं सोंग हलकं, रात्रभर मानेला पेलतं. नाचणाऱ्याला दिसावं म्हणून भोकं पाडायची ती रंगवलेल्या डोळ्यांत नव्हे, त्यांच्या खाली, पापणीच्या सावलीत लपतील अशी. मी एक सोंग चेहऱ्यावर धरून पाहिलं. पायाखालची जमीन दिसत नाही, बाजूचा माणूस दिसत नाही, दिसतो तो फक्त समोरचा उजेड. टेंभेवाला मागे सरकतो तसतसं सोंग पुढे येतं. तो चुकला तर देवही चुकतो.

रंग वाळल्यावर बाबांनी काम बाजूला ठेवलं. संध्याकाळ झाली, तेव्हा काठीला चिंध्या गुंडाळून पलिता पेटवला, नातवाच्या तोंडावर देवीचं सोंग बांधलं आणि त्याला अंगणात चालायला लावलं. स्वतः दूर, गोठ्याच्या कुडाशी जाऊन उभे राहिले.

"बाबा, दिवसा बघितलं असतं तर?" मी विचारलं.

"दिवसा बघून काय करू? सोंग रात्रीचं हाय."

मग मला दिसलं. भुवईचा कंगोरा पुढे काढलेला, गालांना उंचवटे, नाकाच्या दोन्ही अंगांना खोल खाच. ज्योत हलली की या उंचवट्यांच्या सावल्या सरकतात. ज्योत खाली गेली की देवी संतापलेली दिसते, बाजूला गेली की तिच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू येतं. रंग तेच, कागद तोच.

जपानच्या नो नटाचीही हीच साधना असते. तिथं मुखवटा हिनोकी नावाच्या सुरूसारख्या झाडाच्या लाकडात कोरतात, त्यावर शिंपल्यांच्या पुडीचे थर देतात. तो चेहऱ्यापेक्षा लहान असतो, नटाची हनुवटी खाली उघडी राहते. मान किंचित वर केली की मुखवटा उजळतो, खाली झुकवली की त्यावर मळभ येतं. त्यालाही बुबुळांच्या भोकांतून जेमतेम दिसतं, म्हणून रंगमंचाच्या कोपऱ्यातल्या खांबावर नजर ठेवून तो वाट काढतो. चौदाव्या शतकात कानआमी आणि त्याचा मुलगा झेआमी यांनी या नाट्याला घाट दिला, शोगुन योशिमित्सूनं आश्रय दिला. आपल्याकडेही मुखवट्यांचा विचार जुना आहे. नाट्यशास्त्रात आहार्य अभिनयाच्या प्रकरणात बेलाचा चिकट गर आणि कापड घेऊन प्रतिशीर्ष कसं करावं, याची कृतीच दिलेली आहे.

फरक पडतो तो पुढे. १८६८च्या सत्तांतरात नोचा राजाश्रय तुटला होता, मरणपंथाला लागलं होतं ते. जपाननं ते सावरलं. १९५७ साली त्याला सरकारी संरक्षण मिळालं, १९८३ साली टोकियोत राष्ट्रीय नो नाट्यगृह उभं राहिलं, २००१ साली युनेस्कोनं गौरव केला. वीज असूनही तिथं काही प्रयोग मुद्दाम उघड्यावर, शेकोट्यांच्या उजेडात होतात.

इकडे मी ज्या गावी बोहाडा पाहिला, तिथं वाटेवर हॅलोजन लावले होते. समोरून पांढरा झोत पडला आणि बाबांनी काढलेले सगळे कंगोरे सपाट झाले. टेंभेवाला होता, पण नुसता मानापुरता. मला त्या क्षणी खरंच वाईट वाटलं. पंचांशी बोललो. ते म्हणाले, बाया-पोरं रात्रभर बसतात, विंचूकाट्याचं भय, अंधार कसा ठेवायचा? त्यांचंही खोटं नाही. पण बसायच्या जागी उजेड ठेवून सोंगाच्या वाटेवरचा तेवढा काढता येईल, असं मला वाटतं, आणि ते मी त्यांना सांगितलं. पुढच्या बैठकीत विषय घेऊ म्हणाले.

दुसरी अडचण पोटाची. गावाचं सोंग वर्गणीतून होतं आणि एकदा केलं की डागडुजीवर वर्षानुवर्षं चालतं. रोकड मिळते ती ठाण्या-मुंबईच्या दिवाणखान्यांसाठी केलेल्या मुखवट्यांतून. ते भिंतीवर टांगायचे, त्यामुळे त्यांना भोकं लागत नाहीत, कंगोरे लागत नाहीत, नुसते भडक रंग चालतात. बाबा तेही करतात, का करू नयेत?

पण हॅलोजनचा परिणाम आता गावच्या सोंगांवरही दिसतो. सावली पडत नाही म्हणून भुवई जाड काळ्या रेषेनं रंगवावी लागते. बाबांचा मुलगा शिकला तो याच रेषेवर. लगद्याला कुठे किती उठाव द्यायचा, हे त्याला अजून जमत नाही. दिवाळीनंतर तो भिवंडीकडे वीटभट्टीवर जातो आणि बोहाड्याच्या तोंडावर परततो. पुढे पावसाळ्यात लगदा वाळत नाही. शिकवायला बाबांच्या हाती उरतात ते मधले थोडे आठवडे, आणि त्यातही भिंतीवरच्या मुखवट्यांची मागणी आली असेल, तर आधी ती पुरी करावी लागते.