आव्यूहाचा धडा : नियमाआधी अर्थ

छत्रपती संभाजीनगरहून कन्नडचा घाट उतरला की चाळीसगावचा परिसर लागतो. त्या तालुक्यातील पाटणे येथील शिलालेख शिक्षणाच्या इतिहासात महत्त्वाचा मानला जातो. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकविले जावेत म्हणून त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापन केला व त्यास इ. स. १२०७ च्या सुमारास दान मिळाले, अशी नोंद त्यात आहे. चांगदेव हे देवगिरीचा यादव राजा सिंघण याचे ज्योतिषी होते. या भूमीत गणिताच्या अध्यापनाची परंपरा किती जुनी आहे, हे यावरून दिसून येते.

आधुनिक काळात ही परंपरा नव्या संस्थांनी पुढे नेली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे मिलिंद महाविद्यालय १९५० मध्ये सुरू झाले. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले; १९९४ पासून ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ या नावाने ओळखले जाते. १९६० मध्ये शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आले. या संस्थांमुळे खेड्यापाड्यांतील मुलामुलींना उच्च गणिताचे दार खुले झाले. तथापि दार उघडणे आणि आत पाऊल स्थिर होणे यांत अंतर असते. आव्यूह, म्हणजेच मॅट्रिक्स, हा विषय शिकताना ते अंतर विशेष जाणवते.

शब्दांची अडचण

मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला दहावीतच एकसामयिक समीकरणे सोडविताना ‘निश्चयक’ भेटतो. अकरावीला विज्ञान शाखेत इंग्रजी पुस्तक हाती येते आणि तोच निश्चयक ‘डिटरमिनंट’ होऊन समोर उभा राहतो. ओळखीचा माणूस नव्या वेषात आल्याचे कोणी सांगितले नाही, तर विद्यार्थी त्याला परका समजतो. मग नियम पाठ होतात, गुणही मिळतात. मात्र अर्थ हाती लागत नाही. पुढे पदवी वर्गात रेषीय बीजगणित सुरू झाले की ही उणीव उघड होते. म्हणून आव्यूहाची सुरुवात व्याख्येपासून न करता व्यवहारापासून करणे हिताचे ठरते.

दोन पावत्यांचे उदाहरण

समजा, एका शाळेने २ बाके व १ टेबल ५,००० रुपयांस घेतले आणि दुसऱ्या शाळेने त्याच दराने ३ बाके व २ टेबले ८,५०० रुपयांस घेतली. पहिली पावती दुप्पट केली तर ४ बाके व २ टेबले १०,००० रुपयांची होतात. त्यातून दुसरी पावती वजा करता एका बाकाची किंमत १,५०० रुपये व त्यावरून टेबलाची २,००० रुपये निघते. या सर्व कृतीत ‘बाक’ व ‘टेबल’ हे शब्द पुनःपुन्हा लिहिण्याची गरज नव्हती. नगांचे आकडे आपापल्या जागी राहिले म्हणजे पुरे :

२  १
३  २

हाच आव्यूह. आडव्या ओळीत एकेक पावती, उभ्या स्तंभात एकेक वस्तू. भास्कराचार्यांनी बीजगणितात अज्ञात राशींना यावत्तावत्, कालक, नीलक अशी नावे दिली व ‘या’, ‘का’, ‘नी’ अशा आद्याक्षरांनी त्या लिहिल्या. समीकरणाच्या दोन बाजू एकाखाली एक मांडण्याची आणि नसलेल्या पदाच्या जागी शून्य लिहिण्याची पद्धत जुन्या भारतीय गणितात होती. मात्र अशा मांडणीलाच स्वतंत्र राशी मानून तिचे बीजगणित रचण्याचे कार्य इंग्लंडमध्ये झाले. सिल्व्हेस्टर यांनी १८५० मध्ये ‘मॅट्रिक्स’ हे नाव दिले, तर केली यांचा मूलभूत निबंध १८५८ चा आहे.

शून्य काय सांगते?

वरील आव्यूहाचा निश्चयक २ × २ वजा १ × ३, म्हणजे १ येतो. आता दुसरी पावती ४ बाके व २ टेबले यांची असती तर? निश्चयक शून्य आला असता. रक्कम १०,००० असेल, तर ती पहिल्याच पावतीची दुप्पट होय. तिच्यातून नवी माहिती मिळत नाही आणि दर निश्चित करता येत नाहीत. रक्कम ९,५०० असेल, तर दोन्ही पावत्या एकाच दराच्या असूच शकत नाहीत. हिशेब तपासणाऱ्या कोणासही हा फरक तत्काळ कळतो. कागद किती आहेत यापेक्षा स्वतंत्र माहिती किती आहे, हे महत्त्वाचे. महाविद्यालयात ‘रँक’ म्हणून शिकविली जाणारी कल्पना नेमकी हीच आहे.

गुणाकाराचा विचित्र वाटणारा नियमही असाच उलगडतो. पहिल्या विक्रेत्याचा दर बाकास १,५०० व टेबलास २,००० आहे. दुसऱ्याचा अनुक्रमे १,६०० व १,७०० आहे. नगांच्या प्रत्येक ओळीने दरांच्या प्रत्येक स्तंभास गुणून बेरीज केली की पहिल्या शाळेचे खर्च ५,००० व ४,९००, तर दुसरीचे ८,५०० व ८,२०० असे एकत्र मिळतात. ओळीला स्तंभाने का गुणावयाचे, हे येथे वेगळे सांगावे लागत नाही. क्रम उलटा केल्यास उत्तराला अर्थ उरत नाही, हेही विद्यार्थ्याच्या ध्यानात येते.

शिक्षकांची भूमिका

हवामानाचा अंदाज, उपग्रहाने टिपलेली पिकांची छायाचित्रे, संगणकीय कृत्रिम बुद्धिमत्ता या साऱ्यांच्या मुळाशी आकड्यांच्या अशाच प्रचंड सारण्या असतात. संगणक क्षणार्धात गुणाकार करतो. परंतु कोणती ओळ कशाची आणि शून्याचा अर्थ काय, हे माणसालाच ठरवावे लागते. त्यासाठी मराठी व इंग्रजी संज्ञा फळ्यावर शेजारी शेजारी लिहिणे, प्रत्येक नियमाआधी एक ओळखीचे उदाहरण देणे आणि उत्तरानंतर ‘याचा अर्थ काय?’ असे विचारणे, हे तीन उपाय कोणत्याही वर्गात योजता येतील. त्यांना वेगळ्या निधीची आवश्यकता नाही. आठ शतकांपूर्वी पाटण्याला गणिताच्या अध्यापनासाठी दान दिले गेले. आजच्या विद्यार्थ्याला त्या विद्येचा अर्थ मिळवून देणे, हाच त्या परंपरेचा खरा सन्मान होय.